फोनवर सांगणारा दत्तप्रसाद

“अगं, एवढ्यासाठी मी यायला कशाला हवा, फोनवर सांगतो ना.”

दत्तप्रसाद हुपरीकरचं हे वाक्य ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगपासून खाली दक्षिणेला नाउऱ्यापर्यंतच्या प्रत्येक मराठी घराने एकदा तरी ऐकलेलं आहे. फ्रीजखाली पाणी साचलं, गाडीतून खडखड यायला लागली, की लोक आधी त्याला फोन लावायचे आणि मग नवऱ्याला सांगायचे. तो फोन मशीनजवळ धरायला लावायचा. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवलेल्या डॉक्टरसारखा पलीकडे गप्प व्हायचा. मग म्हणायचा, डावीकडचा स्क्रू अर्धा फिरव, अर्धाच हं. बहुतेक वेळा तेवढ्याने काम व्हायचं.

लीना त्याला युनिपासून ओळखत होती. २००८ साली दोघं एकाच महिन्यात वॉलॉंगॉंगला उतरली, ती नर्सिंगला आणि तो मेकॅनिकलच्या मास्टर्सला. त्याला डिग्री मिळाली, इंजिनिअरची नोकरी काही मिळाली नाही. दोन वर्षं पोर्ट केंब्लाला कंत्राटी कामं केली, मग कॅरव्हान दुरुस्तीच्या एका यार्डात म्हाताऱ्या गोऱ्या कारागिराच्या हाताखाली सहा वर्षं काढली. कायम राहायची परवानगी, पीआर मिळाली, म्हातारा गेला, आणि दत्तप्रसादने मागे हौदा असलेली यूट घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. उंच होता, पण खांद्यात वाकलेला. दिवसाचे आठ तास तो ज्या घरांत उभा राहायचा त्यांची छपरं त्याच्या उंचीची नव्हती.

त्याच्या टूलबॉक्समध्ये उदबत्तीचा पुडा असायचा. कुठून वारा येतो, कुठे हवा अडते, हे तो उदबत्तीच्या धुराने बघायचा. जोडाजोडांवरून पेटती उदबत्ती हळूहळू फिरवायचा, आणि बाहेर गोरी गिऱ्हाइकं आदराने टोपी काढून उभी राहायची. त्यांना वाटायचं, हा हीटरची पूजा करतोय.

“सांगत का नाहीस त्यांना?” लीनाने एकदा विचारलं होतं.

“कशाला? पूजा केलेला हीटर ते जास्त जपून वापरतात, मेट.”

२०२१च्या जूनअखेर वॉलॉंगॉंगला लॉकडाऊन लागलं तेव्हा लीना घरातून बाहेर पडली. घरातून म्हणजे घरासमोरच्या ड्राइव्हवेवर. ती करोनाच्या वॉर्डात होती. घरात नवरा निनाद, नऊ वर्षांची मुलगी कादंबरी आणि सासूबाई. सुचित्राबाई फेब्रुवारी २०२०मध्ये दोन महिन्यांसाठी आल्या त्या विमानं बंद झाल्याने राहिल्याच, आणि त्यांना दम्याचा जुना त्रास. वॉर्डातल्या एका सहकारिणीने आपल्या आईवडिलांची मोटरहोम दिली. सहा मीटर लांबीची पांढरी गाडी. मागे पलंग, मध्ये बोटभर बाथरूम, पुढे टेबल आणि दोन बाकं. लीनाने ठरवून टाकलं, लाट ओसरेपर्यंत मी यात. नाहीतर वॉर्ड सोडायचा, आणि वॉर्ड सोडायचा नव्हता. सगळं त्या गाडीत राहता येण्यावर अवलंबून होतं.

पहिल्याच आठवड्यात कळलं की गाडीत दोन ऋतू आहेत. मागे पलंगाखाली डिझेलचा हीटर होता, तिथे अंगावर पांघरूण ठेववत नसे. पुढे टेबलाशी चहाचा कप हातात गार व्हायचा. पुढच्या बाजूला गरम हवेची जाळी होती, तिच्यातून बाळाच्या श्वासाएवढी ऊब यायची. तिथेच तिला जेवायचं होतं, तिथेच बसून खिडकीतून कादंबरीचा अभ्यास घ्यायचा होता. फरशीतून गारवा पोटऱ्यांवर चढायचा.

तिने दत्तप्रसादला फोन केला. तो नाउऱ्याला राहायचा. लॉकडाऊनची रेघ शेलहार्बरच्या खाली ओढलेली होती, तो रेघेच्या पलीकडे. तातडीच्या दुरुस्तीला येता आलं असतं. पण त्याने नेहमीचं वाक्य म्हटलं.

“फोनवर सांगतो ना. पायाला गार लागतं की डोक्याला?”

“पायाला. खालून वारा येतोय रे, समुद्राचा.”

“मग झालं तर. गाडी चाकांवर उभी, खाली सगळं मोकळं, फरशी गार पडणारच. निनादला सांग, ताडपत्री आण. चारी बाजूंनी खालच्या अंगाला परकरासारखी गुंडाळ, जमिनीवर विटा ठेव. उंदीर आत जाता कामा नये, एवढं फिट्ट. जेरिंगॉंगला भास्करकाका आहेत ना, कॅरव्हान पार्कात अडकलेले? त्यांना परवा हेच सांगितलं. एकदम खूश आहेत.”

भास्करकाकांना सगळे ओळखत. मेलबर्नचे निवृत्त प्राध्यापक. बायको गेल्यावर कॅरव्हान घेऊन एकटेच निघाले आणि राज्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा होते तिथेच राहिले. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो टाकायचे.

निनादने एका दुपारी ताडपत्री बांधली. फोटो ग्रुपवर टाकला. निळा परकर नेसलेली गाडी. वीस अंगठे आले. फरशीचा गारवा खरंच कमी झाला. पुढची जाळी मात्र तशीच, थंडगार.

“होईल हळूहळू,” दत्तप्रसादने फोनवर सांगितलं. “हीटर जरा वाढव.”

तिने हीटर वाढवला.

मग डोकेदुखी सुरू झाली. सकाळी उठलं की कपाळाभोवती कुणीतरी ओलं फडकं पिळतंय असं वाटायचं. मळमळ, पाय जड. कामावर गेली की दुपारपर्यंत सगळं उतरायचं. करोनाच्या वॉर्डातल्या नर्सला डोकं दुखल्यावर जे सुचेल तेच तिला सुचलं. टेस्ट केली. निगेटिव्ह. दोन दिवसांनी पुन्हा केली. निगेटिव्ह. रोज सकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावून ती आकडा घरच्या ग्रुपवर टाकायची, कारण त्याशिवाय सुचित्राबाई चहा घेत नसत. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

“आकडा छान आहे गं,” सुचित्राबाई घराच्या खिडकीतून म्हणायच्या. “पण चेहरा उतरलाय. ती पुरचुंडी हुंगतेस ना?”

भीमसेनी कापूर, ओवा आणि लवंग यांच्या पुरचुंड्या. पुण्याहून बहिणीने फोनवर सांगितलं होतं, याने ऑक्सिजन वाढतो. सुचित्राबाईंनी जुन्या साडीच्या तुकड्यांत सात पुरचुंड्या बांधून पाठवल्या होत्या. एक उशाशी, एक दाराला, एक बाथरूममध्ये. लीनाला ठाऊक होतं, त्याने काही होत नाही. पण सासूने इतक्या मायेने बांधलेलं काढणार कसं? शिवाय रोज संध्याकाळी गाडीच्या पायरीवर एक उदबत्ती लागायची. गाडीला देवळाचा वास यायचा.

कधीकधी तिला भास्करकाकांचा हेवा वाटायचा. त्यांचे सूर्योदय हल्ली बंद झाले होते. एका दुपारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘दत्तप्रसादच्या कृपेने अशी झोप लागते की सकाळी डोळाच उघडत नाही. सूर्य माझ्याशिवाय उगवतो.’ सगळे हसले. लीनानेही हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात सुट्टीच्या सकाळी ती बाथरूममध्ये पडली. घसरली नाही. गुडघे नुसते मिटले. फरशीवर बसून तिने ऑक्सिमीटर लावला. नव्व्याण्णव. मग तशीच बेसिनला धरून उठली आणि पहिल्यांदा चिडून दत्तप्रसादला व्हिडिओ कॉल लावला.

“पुढे अजून बर्फ आहे. मागे भट्टी आहे. तुझ्या फोनने नाही होत हे.”

“चिडू नकोस. उदबत्ती आहे का? पेटव. पुढच्या जाळीशी धर.”

तिने धरली. धूर सरळ वर गेला, जाळीतून हवा येतच नव्हती.

“आता खाली फरशीशी. शेगडीखाली एक भोक असेल बघ, जाळी लावलेलं. गॅस गळला तर खाली पडून जावा म्हणून असतं ते. तिथे धर.”

तिने वाकून धरली. धूर भोकावर गेला आणि उसळून तिच्या तोंडावर आला. खालून कुणीतरी फुंकर मारावी तसा. स्क्रीनवर दत्तप्रसादचा चेहरा जवळ आला.

“उदबत्ती विझव. कसला वास येतोय?”

“कापराचा.”

“कापूर बाहेर टाक. सगळा. मग भोकाशी नाक ने.”

तिने पुरचुंड्या ओढून काढल्या, दारातून गवतावर टाकल्या, परत येऊन गुडघ्यावर बसली. कापराखाली आणखी एक वास होता. इतके दिवस तिथेच होता, पण वर कापूर अंथरलेला होता.

“स्वारगेटला एसटीच्या मागे उभं राहिल्यासारखा,” ती म्हणाली.

स्क्रीनवरचा चेहरा हलेना. तिला वाटलं, नेटवर्क गेलं.

“दत्ता?”

“हीटर बंद कर. दार उघडं ठेव. बाहेर ये आणि बाहेरच थांब.” त्याचा आवाज दुसऱ्याच माणसाचा होता. “मी येतो.”

तेरा वर्षांत तो फोनवर हे दोन शब्द पहिल्यांदा बोलला होता. लीना ब्लँकेट गुंडाळून ड्राइव्हवेवर उभी राहिली.

तो सव्वा तासात आला. मास्क लावलेला, हातात टूलबॉक्स. पण टूलबॉक्स उघडायच्या आधी त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. विटा बघितल्या. ताडपत्रीची कड बोटाने चाचपली. निनादने काम चोख केलं होतं. उंदीर काय, मुंगीही आत गेली नसती. दत्तप्रसाद मागच्या चाकाशी ओणवा झाला, ताडपत्री वर करून टॉर्च मारला, आणि तसाच राहिला. 

“काय आहे रे?” निनादने घराच्या दारातून विचारलं.

“धुराचा पाइप.” तो उठला नाही. “मी समजत होतो, बाजूने बाहेर काढला असेल. बहुतेक गाड्यांत तसाच असतो. हा खाली संपतो. फरशीखाली.”

“मग?”

“मग धूर जाणार कुठे, निनाद? आपण तंबू बांधलाय त्याला.”

त्याने खिशातून एक लहान पिवळं यंत्र काढून पलंगावर ठेवलं. हीटर चालू केला, दार लावलं, छपरातल्या खिडकीची काचही बंद केली. सगळ्यांना लांब उभं केलं. दहा मिनिटं गेली. मग यंत्र ओरडायला लागलं. खिडकीच्या काचेतून आकडा दिसत होता. सत्तर. शंभर. एकशे तीस. दत्तप्रसाद श्वास रोखून आत घुसला, हीटर बंद करून, दार सताड उघडून बाहेर आला.

“कार्बन मोनॉक्साइड,” तो म्हणाला. “हीटर स्वतःचाच धूर परत ओढत होता. जाळ घुसमटला की हा जास्त होतो. याला वास नसतो. डिझेलला असतो, पण तो...” तो गवतावरच्या पुरचुंड्यांकडे बघून थांबला.

“नाही,” लीना म्हणाली. “शक्यच नाही. माझं सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव आहे. रोज...”

वाक्य अर्ध्यात तुटलं. या मे महिन्यातच तिने चार शिकाऊ नर्सना सांगितलं होतं, फळ्यावर आकृती काढून सांगितलं होतं, की हा वायू रक्ताला चिकटला की ऑक्सिमीटरला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि आकडा सुंदर असतो. परीक्षेत येतो हा प्रश्न, असंही ती म्हणाली होती. रोज सकाळी तो सुंदर आकडा ती स्वतःच्या हाताने पाठवत होती, आणि तो बघून सुचित्राबाई चहा घेत होत्या.  

“तू वाचलीस कशी पण?” दत्तप्रसादने विचारलं. दुखावण्यासाठी नव्हे, त्याला खरंच कळत नव्हतं.

लीनाने छपराकडे बोट दाखवलं. करोनाच्या धाकाने तिने छपराची काच पहिल्याच दिवशी निनादकडून दोन बोटं उघडून घेतली होती, ती रात्रभर तशीच असायची. खेळती हवा पाहिजे, वॉर्डातला नियम. काल रात्री इतकं गारठलं होतं की ती काच बंद करायला उठली होती. हात पोचला नाही म्हणून राहिलं.

खिडकीतून कादंबरीने हाक मारली, “Mum! Is it fixed? You said I can sleep with you Saturday!”

आज शुक्रवार होता. दोन टेस्ट निगेटिव्ह आल्यावर लीनाने एका रात्रीचा हा हट्ट मान्य केला होता. निनाद मटकन घराच्या पायरीवर बसला. शनिवारी कादंबरीला थंडी वाजू नये म्हणून काच नक्की लावली गेली असती, हे त्याला आणि लीनाला एकाच वेळी कळलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

दत्तप्रसाद काम करायला लागला. त्याला दुसरं काय येत होतं? विटा बाजूला फेकल्या, ताडपत्री फाडूनच काढली. मग पुढच्या बाकाचा बाहेरून उघडणारा खण उघडला. आत तांदळाची वीस किलोची गोणी होती आणि तिच्यावर दहा किलो कणीक. त्याने दोन्ही गोण्या उचलून गवतावर टाकल्या. खाली गरम हवेचा वाकवता येणारा चंदेरी पाइप होता. पायाखाली आलेल्या कागदी कपासारखा चपटा झालेला.

“हे कुणी ठेवलं?”

“मी,” सुचित्राबाई आतून म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. “मी निनादला सांगितलं ठेवायला. दुकानात तांदूळ मिळेना अरे, म्हटलं, घरात जागा नाही तर तिथे... दत्तप्रसाद, माझ्यामुळे झालं का रे हे? तो कापूर, आणि हे...”

“नाही काकू.” तो पाइप दोन्ही हातांनी दाबून पुन्हा गोल करत होता. “तुमच्यामुळे फक्त पुढे गार लागत होतं. एवढाच बिघाड होता. पाच मिनिटांचं काम. मी आलो असतो तर खण उघडला असता, गोणी काढली असती, चहा पिऊन गेलो असतो.” पाइप गोल होत होता आणि पुन्हा बसत होता. “मी विचारलंसुद्धा नाही, धुराचा पाइप कुठून निघतो. मी फोनवर सांगितलं.”

  लीनाला त्याचा राग यायला हवा होता. पण मनात राग ठेवायची जागाच सुन्न झाली होती. तिला इस्पितळात जाऊन रक्त तपासून घ्यायला हवं, एवढं समजत होतं. निनाद गाडीची किल्ली आणायला आत गेला, एवढं दिसत होतं. बाकी सगळं काचेपलीकडे चाललं होतं.

आणि त्या सुन्नपणातून एक वाक्य वर आलं. सूर्य माझ्याशिवाय उगवतो.

“दत्ता,” ती म्हणाली. “भास्करकाका.”

 पाइप हातातून सुटून खणात पडला.

“त्यांनाही हीटर वाढवायला सांगितलंस? कधी?”

“मंगळवारी. त्यांचाही डिझेलचाच आहे.” त्याने फोन काढला. “त्यांच्या छपराची काच... गळत होती म्हणून मीच सांगितलं, सिलिकॉन भरून पक्की बंद करा.” नंबर लावला, स्पीकर चालू केला. घंटी वाजत राहिली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. ग्रुपवर काकांचा शेवटचा शब्द कालचा, जेवणानंतरचा. घंटी बंद झाली. त्याने पुन्हा लावला. पुन्हा तीच घंटी, तेवढीच, आणि मग शेवटी काकांचा रेकॉर्ड केलेला प्रसन्न आवाज: नमस्कार, मी बहुधा फिरायला गेलो आहे.

लीनाने आपल्या फोनवर तोपर्यंत रुग्णवाहिकेसाठी ट्रिपल झिरो लावला होता. तिचं वॉर्डातलं इंग्रजी आपोआप तोंडातून यायला लागलं. वृद्ध पुरुष, एकटा, कॅरव्हान, कार्बन मोनॉक्साइडची शक्यता. जेरिंगॉंगचा पार्क. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, पार्कातली कितवी जागा? जागेचा नंबर?

“दत्ता, नंबर काय? साइट नंबर विचारतेय ती.”

त्याने फोनवर बोट फिरवलं. भास्करकाकांनी पाठवलेला फोटो उघडला. निळी ताडपत्री नेसलेली त्यांची कॅरव्हान, शेजारी हसरे काका, अंगठा वर केलेला, आणि मागच्या लाकडी खांबावर रंगवलेला आकडा. सतरा.

मधलं अंतर राखून त्याने तो फोन मोटरहोमच्या पायरीवर ठेवला, जिथे रोज संध्याकाळी उदबत्ती लागायची. लीनाने पुढे होऊन उचलला. “सेव्हन्टीन,” ती म्हणाली. “वन सेव्हन. त्यांना सांगा, दार फोडा, वाट बघू नका.”

बोलता बोलता तिने वर बघितलं. टूलबॉक्स उघडाच होता, उदबत्तीचा पुडा गवतावर सांडलेला. दत्तप्रसाद फोन न घेता, मागे न बघता, ड्राइव्हवेवरून फाटकाकडे चालला होता. तिने हाक मारली. तो वळला नाही. यूटचं दार लागलं, आणि गाडी दक्षिणेला, जेरिंगॉंगच्या रस्त्याला लागली.